विश्लेषण : फुकट मिळालेल्या कोडवर आपला परवाना लावणे ही लबाडी की सोय?

तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, व्हॉट्सअॅपचे जुने चॅट, ब्राउझरची हिस्टरी हे सगळे ज्या छोट्याशा डेटाबेसमध्ये साठवलेले असते, त्याचे नाव एसक्यूलाइट. फोन अँड्रॉइड असो की आयफोन, एसक्यूलाइट त्यात असतेच. ते बनवणाऱ्यांच्या अंदाजानुसार आजमितीस जगात एक लाख कोटींहून अधिक एसक्यूलाइट डेटाबेस वापरात आहेत. एवढ्या मोठ्या वापराच्या या सॉफ्टवेअरचा मालक कोण? कायद्याच्या भाषेत सांगायचे तर कोणीच नाही.

अमेरिकेतील डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली त्याची सुरुवात केली. तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरील सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथला डेटाबेस सर्व्हर बंद पडला की सगळेच ठप्प होई. त्यामुळे सर्व्हरच नको, एका साध्या फाइलमध्ये मावेल असा डेटाबेस हवा, असे त्यांना वाटले. पुढे त्यांनी या कोडवरचा कॉपीराइट जाहीरपणे सोडून दिला. आजही एसक्यूलाइटची कुठलीही सोर्स फाइल उघडली, तर जिथे एरवी कायदेशीर इशारा असतो तिथे एक आशीर्वाद सापडतो. भले करा, क्षमा करा, मोकळेपणाने वाटा आणि देता त्याहून अधिक घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ.

ऑक्टोबर २०२२ मध्ये चिझलस्ट्राइक नावाच्या स्टार्टअपने या कोडची प्रत घेतली, तिला ‘लिबएसक्यूएल’ असे नवे नाव दिले आणि ‘एमआयटी’ या ओपन सोर्स परवान्याखाली ती प्रसिद्ध केली. हीच कंपनी पुढे ‘टर्सो’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जे सगळ्यांचे होते त्यावर एका कंपनीने स्वतःच्या परवान्याचा शिक्का मारला, हे चालते का? आणि चालत असले तरी योग्य आहे का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. यात लबाडी नाही. कायद्याने हे चोख आहे आणि बऱ्याचदा गरजेचेही आहे. मात्र या व्यवहारात एक एकतर्फीपणा दडलेला आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही.

पब्लिक डोमेन आणि ओपन सोर्स एकच नव्हे

आपल्याकडचे सोपे उदाहरण घेऊ. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणजे २०११ उजाडले आणि ‘श्यामची आई’ कॉपीराइटमधून मोकळी झाली. आता कोणताही प्रकाशक ती छापू शकतो. त्याने नवे मुखपृष्ठ केले, नवी प्रस्तावना लिहून घेतली, चित्रे काढून घेतली तर त्या मुखपृष्ठावर, प्रस्तावनेवर आणि चित्रांवर हक्क ज्याचा त्याचा. मूळ मजकूर मात्र कोणाचाच नाही. ‘आमच्या आवृत्तीतला मूळ मजकूरही आमचाच’ असे म्हणून तो दुसऱ्या प्रकाशकाला रोखू शकत नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीच मानतो, त्यामुळे हेच सूत्र कोडलाही लागू होते. फरक एवढाच की सॉफ्टवेअरचा जन्मच अलीकडचा. मुदत संपून मोकळा झालेला कोड सापडणे दुर्मीळ. कोड पब्लिक डोमेनमध्ये येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक, लेखकाने हक्क सोडून दिला तर. दोन, अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून तो लिहिला असेल तर, कारण तिथे अशा कामावर कॉपीराइट लागतच नाही.

ओपन सोर्सचे तसे नाही. तिथे कॉपीराइट शाबूत असतो, मालक असतो आणि तो मालकच अटी घालून परवानगी देतो. एमआयटी परवान्याची अट साधी आहे. वापरा, बदला, विका, पण कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएल परवाना त्यापुढे जातो. तुम्ही बदल करून सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिले, तर बदललेला सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो.

जाता जाता एक गैरसमज. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी गिटहबवरून कोड उचलून प्रोजेक्ट उभा करणे हा आपल्याकडचा जुना रिवाज. लायसन्सची फाइल उघडून बघणारा वर्गात एखादाच. ‘परवानाच दिलेला नाही, म्हणजे फुकट आहे’ असा तर्क त्यात हमखास ऐकू येतो. तो नेमका उलटा आहे. कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. परवाना नसलेल्या कोडचे सगळे हक्क लेखकाकडे असतात. समोर दिसतो म्हणून तो पब्लिक डोमेन होत नाही.

नवा परवाना नेमका कशाला लागतो?

‘फोर्क’ म्हणजे एखाद्या प्रकल्पाची प्रत घेऊन तिथून पुढे स्वतंत्र वाटेने विकास करणे. पब्लिक डोमेन कोडचा फोर्क करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण परवाना ही हक्काच्या मालकाने दिलेली सवलत असते. ज्यावर माझा हक्कच नाही, त्याची सवलत मी कशी देणार? म्हणूनच लिबएसक्यूएलवरचा एमआयटी परवाना खऱ्या अर्थाने बांधतो तो टर्सोच्या मंडळींनी आणि इतर योगदानकर्त्यांनी घातलेल्या नव्या ओळींना. जुन्या ओळी होत्या तशाच मोकळ्या आहेत.

तुम्ही एसक्यूलाइटच्या मूळ साइटवरून कोड घेतलात, तर लिबएसक्यूएलच्या परवान्याशी तुमचा काडीचा संबंध नाही. लिबएसक्यूएलमधून एखादी हात न लावलेली जुनी फाइल उचललीत, तरी तत्त्वतः तेच. व्यवहारात मात्र गुंतागुंत होते. चार वर्षे बदल होत राहिले की एका फाइलमधली कुठली ओळ जुनी आणि कुठली नवी हे निवडणे म्हणजे तांदळातून कणी वेचण्यासारखे. म्हणून शहाणा माणूस फोर्कमधून घेताना सरळ परवान्याची अट पाळतो. आणि मूळच हवे असेल, तर मूळ ठिकाणीच जातो.

मूळ ठिकाण जिवंत आहे, हा मुद्दा इथे कळीचा आहे. ‘रिलायसन्सिंग’ हा शब्द ऐकून जुने दार बंद झाल्याची भीती वाटते. पब्लिक डोमेनचे दार कोणाला बंद करता येत नाही. शेजारी नवे दार काढता येते, एवढेच.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

कारण ‘हे कोणाचेच नाही’ या वाक्यावर कंपन्यांच्या विधी विभागांना झोप लागत नाही. परवान्याचा कागद असला की अटी स्पष्ट असतात, ‘कोणतीही हमी नाही’ असे लिहिलेले असते, काही झाले तर बोट कुठे ठेवायचे ते कळते. पब्लिक डोमेनमध्ये कागदच नाही. शिवाय प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जर्मनीत लेखकाला आपला कॉपीराइट पूर्णपणे सोडून देताच येत नाही. तिथल्या वकिलाला ‘लेखकाने हक्क सोडला आहे’ हे वाक्य अपुरे वाटते.

भारतात ही अडचण तुलनेने कमी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ मध्ये लेखकाला हक्क सोडण्याची थेट तरतूद आहे. पूर्वी त्यासाठी कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात नोटीस द्यावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीने जाहीर सूचनेचा पर्यायही दिला. आपल्याकडच्या किती डेव्हलपरना हे कलम ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

एसक्यूलाइटने या अडचणीवर काढलेला तोडगा गमतीदार आहे. कोड फुकट, पण कोणाला कागद हवाच असेल, तर हिप यांची कंपनी मालकीहक्काबाबतचे हमीपत्र पैसे घेऊन देते. म्हणजे वस्तू फुकट आणि पावती विकत! हसू येते, पण हाच पैसा प्रकल्पाच्या कामी येतो.

इतरांनी दुसरी वाट धरली. डॅनियल बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांची ‘नॅकल’ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी पब्लिक डोमेनमध्ये होती. दर्जा अव्वल, पण वेगवेगळ्या यंत्रणांवर बसवायला किचकट. २०११ नंतर तिची नवी आवृत्ती आलीच नाही. २०१३ मध्ये फ्रँक डेनिस यांनी तिचा फोर्क केला, ‘लिबसोडियम’ नाव दिले आणि आयएससी हा साधासोपा परवाना लावला. आज सुरक्षित संदेशवहनाच्या कितीतरी प्रकल्पांच्या पोटात लिबसोडियम आहे. इथे फोर्क झाला नसता, तर एक उत्तम काम तज्ज्ञांच्या कोपऱ्यातच पडून राहिले असते. ‘एक्सझेड युटिल्स’ या फाइल आकसवणाऱ्या प्रकल्पाने तर फोर्कही न करता फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला पब्लिक डोमेन कोड ‘झीरो बीएसडी’ परवान्याखाली आणला. त्याच आवृत्तीत नंतर कुप्रसिद्ध मागचे दार सापडले, पण त्याचा परवान्याशी संबंध नव्हता.

प्रत मिळते, पण सगळे मिळत नाही

लिबएसक्यूएलच्या मागे परवान्याहून मोठे कारण होते. एसक्यूलाइट ओपन सोर्स आहे, पण बाहेरच्यांच्या योगदानासाठी खुले नाही. हे त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलेले आहे. कोणीही उठून बदल पाठवावा आणि तो स्वीकारला जावा, अशी सोय तिथे नाही. मोजकी माणसे कोड लिहितात. त्यांनी आपले काम पब्लिक डोमेनला अर्पण केल्याची प्रतिज्ञापत्रे कंपनीच्या कार्यालयात अग्निरोधक तिजोरीत ठेवलेली आहेत. एक संशयास्पद ओळ आत आली तर सगळ्या कोडच्या शुद्धतेवर प्रश्न उभा राहील, ही धास्ती त्यामागे आहे. फोर्क करणाऱ्यांना मात्र बाहेरच्यांचे हात हवे होते. दोघांची बाजू समजण्यासारखी आहे.

पण फोर्क करताना काही गोष्टी हाती लागत नाहीत. पहिली म्हणजे नाव. कॉपीराइट सोडला म्हणजे ट्रेडमार्क सोडला असे होत नाही, तो वेगळा कायदा. म्हणून फोर्कला वेगळे नाव घेणे शहाणपणाचे. दुसरी, आणि माझ्या मते खरी मोलाची गोष्ट म्हणजे चाचण्या. एसक्यूलाइटमध्ये मूळ कोडच्या सुमारे ५९० पट चाचण्यांचा कोड आहे, असे ते सांगतात. त्यातला एक मोठा संच, ‘टीएच३’, पब्लिक डोमेनमध्ये नाही. तो मालकीचा आहे. म्हणजे गाडी फुकट, पण गाडी तपासायचे गॅरेज मालकाकडेच! फोनमधला डेटाबेस कोट्यवधी वेळा उघडबंद होऊनही फाटत नाही, यामागे हे गॅरेज आहे. टर्सोच्या मंडळींनी डिसेंबर २०२४ मध्ये सगळा डेटाबेस रस्ट या भाषेत नव्याने लिहिण्याचा ‘लिंबो’ प्रकल्प जाहीर केला. तेव्हा चाचण्यांची स्वतःची वेगळी पद्धत त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत बांधावी लागली, ती यामुळेच.

आता तो एकतर्फीपणा. लिबएसक्यूएल हवे तेव्हा एसक्यूलाइटमधली नवी सुधारणा उचलू शकते, कारण ती पब्लिक डोमेनमध्ये आहे. एसक्यूलाइट मात्र लिबएसक्यूएलमधली सुधारणा जशीच्या तशी घेऊ शकत नाही. ती एमआयटी परवान्याखाली आहे. ती आत घेतली की ‘आमच्या कोडवर कोणाचाही कॉपीराइट नाही’ हे वाक्य खोटे ठरेल. एमआयटीसारखा जगातला सर्वांत उदार समजला जाणारा परवानाही इथे उलट्या दिशेने भिंत बनतो. पाणी वरून खाली येते, खालून वर जात नाही.

यात बेकायदेशीर काही नाही, पण अशोभनीय नक्कीच आहे. माझ्या मते पब्लिक डोमेन कोडचा फोर्क करणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे, की मूळ कोडमधल्या चुकांची दुरुस्ती पब्लिक डोमेनमध्येच ठेवावी. नव्या सुविधांवर खुशाल परवाना लावावा, कारण तो त्यांचा घाम आहे. दहा ओळींच्या दुरुस्तीवर हक्क राखून कोणाचेही पोट भरत नाही. एसक्यूलाइटची मंडळी बाहेरचा कोड घेत नसली, तरी चूक कुठे आहे हे मोकळेपणाने कळणे त्यांना पुरते.

प्रश्न रुग्णालयाचा असतो तेव्हा

एमआयटीसारखा सैल परवाना नेहमीच योग्य असतो का? मला तसे वाटत नाही. त्यासाठी अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण पाहू. निवृत्त सैनिकांसाठीच्या तिथल्या सरकारी रुग्णालयांनी अनेक दशके राबून ‘व्हिस्टा’ नावाची रुग्णनोंदींची प्रणाली उभी केली. (मायक्रोसॉफ्टच्या त्या बदनाम विंडोजशी हिचा संबंध नाही.) सरकारी काम असल्याने ती पब्लिक डोमेनमध्ये आणि माहिती अधिकाराच्या तिथल्या कायद्याखाली कोणालाही मिळणारी. तिच्यावरून अनेकांनी फोर्क काढले. ‘वर्ल्डव्हिस्टा’ या ना-नफा संस्थेने आपल्या आवृत्तीला जीपीएल लावला. उद्देश हा, की कोणा कंपनीने करदात्यांच्या पैशांतून झालेला पाया घ्यावा, वर चार मजले चढवावेत आणि दाराला कुलूप घालून रुग्णालयांकडून भाडे वसूल करावे, असे आपल्या आवृत्तीबाबत तरी होऊ नये.

‘मेडस्फिअर’ या कंपनीची गोष्ट याच संदर्भात बोलकी आहे. तिच्या संस्थापक बंधूंनी कंपनीने व्हिस्टावर केलेले काम एका सार्वजनिक कोड-भांडारावर टाकले. कंपनीने २००६ मध्ये त्यांच्यावरच पाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. २००७ मध्ये तो तडजोडीने मिटला. लक्षात घ्या, भांडण पायाबद्दल नव्हते. तो कोणाचाच नव्हता. भांडण होते वर चढवलेल्या मजल्यांबद्दल, ते खुले करण्याचा अधिकार कोणाचा याबद्दल. पब्लिक डोमेनवर उभ्या राहिलेल्या कामातही पैसा, मालकी आणि कोर्टकचेरी येतेच.

जॉर्डनने राष्ट्रीय आरोग्य प्रकल्पासाठी व्हिस्टा स्वीकारले. आपल्याकडे मॅक्स हेल्थकेअर या रुग्णालय समूहानेही त्यावर आधारलेली प्रणाली घेतली होती. एका देशाच्या सरकारने हक्क न राखता केलेले काम हजारो मैलांवरच्या रुग्णाच्या केसपेपरपर्यंत पोहोचू शकते, ते असे. अशा ठिकाणी जीपीएल कुटुंबातला कडक परवाना मला अधिक न्याय्य वाटतो. ज्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणे अवघड, तिथे कुलूप लागू नये याची काळजी आधीच घेतलेली बरी. फोनच्या पोटातल्या छोट्या डेटाबेसचे तसे नाही. एक नाही पटला तर डेव्हलपर दुसरा लावेल.

कडक परवान्याला विरोध करणारे म्हणतील, पब्लिक डोमेनच्या कोडवर अटी लादणे हाच मूळ दानाचा अपमान. पण अट मूळ दानावर लागतच नाही, हे वर पाहिलेच. खरा अपमान वेगळाच असतो. २०१५ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांना एक पत्र आले. त्यांनी स्वतः काढलेले, स्वतःच जनतेला दान केलेले छायाचित्र त्यांनी आपल्याच वेबसाइटवर वापरले म्हणून त्यांच्याकडे १२० डॉलरची मागणी झाली होती! अलामी या छायाचित्र कंपनीच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्थेचे ते पत्र. हायस्मिथ कोर्टात गेल्या, पण हक्कच सोडलेला असल्याने कॉपीराइटच्या मुद्द्यावर त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. पब्लिक डोमेनची वस्तू विकणे गैर नाही. ‘ती आमची आहे’ असा आव आणून वसुली करणे गैर आहे. पण ते रोखायला दात्याच्या हातात फार काही उरत नाही. दान करण्याआधी हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

आपल्या सरकारी कोडचे काय?

भारतात सरकारी कामावर सरकारचा कॉपीराइट असतो, प्रकाशनापासून ६० वर्षे. त्यामुळे आपल्या करांतून बनलेले अॅप आपोआप आपले होत नाही. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी अॅप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याविषयी धोरण आणले. मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड अॅपचा कोड अपाचे परवान्याखाली प्रसिद्धही झाला. पण रोजच्या वापरातल्या बहुतांश सरकारी अॅपचा कोड आजही तुम्हा-आम्हाला पाहता येत नाही. अमेरिकेसारखा सरसकट पब्लिक डोमेनचा आग्रह मी धरणार नाही. व्हिस्टाचा अनुभव पाहता, नगरपालिका किंवा रुग्णालयांसाठी बनलेला कोड जीपीएलसारख्या परवान्याखाली खुला करणे आपल्याला अधिक मानवेल. ठेकेदार बदलला तरी कोड हातात राहील आणि नव्या ठेकेदाराला पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजावे लागणार नाहीत.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा स्टार्टअपसाठी पब्लिक डोमेन कोडचा फोर्क करत असाल, तर काम फार नाही. मूळ प्रकल्पाचे नाव आणि कोड कोणत्या आवृत्तीवरून घेतला ते रीडमी फाइलमध्ये लिहा. मूळ फाइलींच्या डोक्यावरच्या ओळी पुसू नका. तुमचा परवाना फक्त तुमच्या भरीला लागू आहे, हे एका वाक्यात सांगा. शक्य असेल तिथे नवा कोड वेगळ्या फाइलींत ठेवा, म्हणजे जुने-नवे वेचत बसायची वेळ दुसऱ्यावर येणार नाही. आणि स्वतःचा कोड सगळ्यांसाठी मोकळा सोडायचा असेल, तर नुसते ‘पब्लिक डोमेन’ असे दोन शब्द लिहून थांबण्यापेक्षा झीरो बीएसडीसारखा जवळपास बिनअटीचा परवाना जोडा. जर्मनीतल्या वकिलालाही तो वाचता येईल.